मुलांचं वाढतं वजन : मदत कुठे मिळते आणि ती कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी आम्ही चार-पाच जण महिन्यातून दोनदा मुलांची उंची-वजनं मोजतो. गटात आशाताई आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत आणि मी आहारतज्ज्ञ. काटा बाहेर काढला की प्रश्न सुरू होतात, ते रात्री फोनवरही चालू असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे ठेवले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. तो लठ्ठ आहे की नुसता गुटगुटीत, हे घरी कसं कळेल?

नजरेने कळत नाही. ज्या गल्लीत सगळीच मुलं जाड, तिथे जाड मूल बारीक दिसतं. उंची आणि वजन दोन्ही मोजावं लागतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. इथवर बऱ्याच जणांना जमतं, चूक पुढे होते. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर बहुधा मोठ्यांच्या मापाने निकाल देतो आणि मूल 'नॉर्मल' ठरतं. समजा मुलगा १० वर्षांचा आहे, वजन ४० किलो, उंची १३५ सेंटिमीटर. बीएमआय येतो जवळपास २२. मोठ्या माणसाचा असता तर कुणी काही बोललं नसतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची रेघ २१.४ वर आहे. हा मुलगा त्या रेघेच्या पलीकडे गेला.

५ ते १८ वर्षांसाठी आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. मुलींचा वेगळा, मुलग्यांचा वेगळा. त्यात वरच्या दोन रेघा महत्त्वाच्या: एक प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणारी, ती ओलांडली की जादा वजन; दुसरी २७ शी जुळणारी, ती ओलांडली की लठ्ठपणा. पाचच्या आतल्या मुलांसाठी उंचीच्या मानाने वजन बघतात, आणि तो तक्ता अंगणवाडीत असतो.

काटा नसेल तर सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी कापा, दुमडून अर्धी करा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती फिरवा. सहा वर्षांवरच्या मुलाला ती पुरली नाही, तर मोजून घ्यायची वेळ आली आहे. हे निदान नाही. पण दार ठोठावायला एवढं कारण पुरे.

२. सासूबाई म्हणतात, "बाळसं आहे, उंची वाढली की ताणून जाईल." खरं का?

तान्ह्या बाळाबाबत त्यांचं खरं आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या अंगावर चरबी चढते, मग मूल चालायला लागतं, उंच होतं, बारीक दिसतं. बीएमआय पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत राहतो आणि त्यानंतर हळूहळू चढू लागतो. हा चढ तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झाला, तर ते बाळसं नव्हे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत 'ताणून जाईल' म्हणून वाट बघण्यात वर्षं जातात, आणि लठ्ठ मूल मोठेपणी लठ्ठ राहण्याची शक्यता वयाबरोबर वाढते. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना सोबत आणा. घरातला खाऊचा डबा बहुधा त्यांच्याच ताब्यात असतो.

३. आपल्याकडे कुपोषण हा मोठा प्रश्न आहे. लठ्ठपणा हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं नाही का?

हा प्रश्न ग्रामपंचायतीतही विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी. त्याच पाहणीत जादा वजनाची ४.१ टक्के, आधीच्या फेरीत ती १.९ टक्के होती. आकडा लहान आहे, पण दुपटीहून वर गेला आहे, आणि तोही पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये.

दुसरी गोष्ट पुण्यातूनच जगाला कळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं वजनाने कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. पुढे याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला: दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्या मुलांसाठी रेघा खाली ओढाव्या लागतात. उपाशी पोटी जन्मलेल्या मुलाला पुढे पाच रुपयांचे पुडे आणि बसून राहणं मिळालं, तर त्याच शरीरात मधुमेहाची तयारी होते. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात असतात (प्रश्न १३ पाहा).

४. मोजून कुठे घ्यायचं? पैसे किती लागतात?

सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत, फुकट. ताई दर महिन्याला वजन-उंची घेऊन पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरतात. ॲप कमी वजनाबरोबर जादा वजनही दाखवतं, पण ताईंना वरून विचारणा होते ती बहुतेक कमी वजनाची. म्हणून तुम्हीच विचारा: "ताई, उंचीच्या मानाने वजन कुठल्या रंगात आहे?"

त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्यांचं शुल्क माफ आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागतील.

५. शाळेत डॉक्टरांची गाडी आली होती. मुलीचे दात-डोळे तपासले, वजनाबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणजे ठीक आहे ना?

नाही, तसा अर्थ काढू नका. ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ज्या ३० आजारांसाठी तो आखला, त्या मूळ यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. पथकातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही; एका दिवसात अख्खी शाळा उरकायची आणि यादीत नसलेल्या गोष्टीसाठी थांबायचं, हे कठीणच. पण उंची आणि वजन घेतलेलं असतं. वर्गशिक्षकांकडून ते दोन आकडे मागून घ्या आणि प्रश्न १ मधल्या तक्त्यावर ठेवा. पुढच्या फेरीची तारीख आधी कळली तर चिठ्ठी द्या: 'कृपया बीएमआय बघावा.' आमच्याकडे एका मुख्याध्यापिकेने सगळ्या वर्गांसाठी अशी एकच चिठ्ठी दिली आणि काम झालं.

६. आरोग्य केंद्रात गेलो तर डॉक्टर म्हणाले, "कमी खायला द्या, खेळायला पाठवा." एवढ्यासाठी मजुरी बुडवली! पुढे कुणाकडे जायचं?

या प्रश्नामागचा राग रास्त आहे. पुढची वाट अशी आहे.

मूल १० ते १९ वयाचं असेल तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातलं 'मैत्री' क्लिनिक विचारा. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे समुपदेशक असतात. लोकांना वाटतं ते फक्त पाळीच्या तक्रारींसाठी आहे. पोषण आणि पुढे होणारे मधुमेहासारखे आजार हेही त्यांच्या कामातच आहेत. त्याहून लहान मूल असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या बालरोग विभागासाठी चिठ्ठी मागा. हार्मोन्सची शंका आली (प्रश्न ७) तर बालहार्मोनतज्ज्ञ लागतात, आणि ते मोठ्या शहरांतच आहेत; मुंबईत परळचं वाडिया बालरुग्णालय हे त्यातलं जुनं ठिकाण.

आणि काही खुणा दिसल्या तर 'कमी खा'वर समाधान मानून परत येऊ नका. मानेवर, काखेत काळा, मखमलीसारखा पट्टा: आया तो मळ समजून घासतात, डाळीचं पीठ लावतात, पण तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंगणं. सतत तहान आणि लघवी. मुलीची पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी महिनोन्‌महिने न येणं. आणि लठ्ठ किशोर अचानक लंगडू लागला, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणाला, तर त्याच दिवशी एक्स-रे. खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं आणि ते थांबत नाही.

७. थायरॉइडमुळे असेल का? तपासणी करून टाकू?

आधी उंची बघा. नुसत्या खाण्या-बसण्यामुळे वजन वाढलेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असतं. लठ्ठ असून वर्गात सर्वात बुटकं, किंवा उंची वाढायचीच थांबली, तर थायरॉइड आणि इतर हार्मोन्स तपासायलाच हवेत. तसंच पाच वर्षांच्या आतच वजन झपाट्याने वाढलं आणि मुलाची भूक काही केल्या भागत नाही, तर दुर्मीळ जनुकीय कारण शोधावं लागतं. अशी मुलं थोडी. बाकीच्यांच्या घरचे थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला की सुटकेचा श्वास टाकतात आणि तिथेच थांबतात, हा खरा घोटाळा.

८. उपचार म्हणजे नक्की काय करतात? गोळी तर देत नाहीत.

उपचार म्हणजे भेटी. ऐकायला फिकं वाटतं, पण हेच खरं औषध आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत आकडा दिला आहे: ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास, मुलाबरोबर घरच्यांनाही बसवून, खाणं, हालचाल, झोप आणि सवयींवर काम. आपल्याकडे ओपीडीत मिळतात तीन मिनिटं. 'कमी खा' हा सल्ला चुकीचा आहे म्हणून फसत नाही, तो एकदाच दिला जातो म्हणून फसतो.

मग २६ तास आणायचे कुठून? पंधरवड्याला एक तास म्हणजे वर्षाला २६. तो तास डॉक्टरांचाच असायला हवा असं नाही. समुपदेशक, आशाताई, शिक्षक मिळून तो भरू शकतात आणि डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा बघू शकतात. मदत जवळ हवी ती यासाठी. एसटीने दोन तास जाऊन कुणीही २६ वेळा येत नाही.

९. घरात एका मुलासाठी वेगळा स्वयंपाक कसा करायचा?

करू नका. त्याच्या ताटात उकडलेलं आणि भावाच्या ताटात भजी, हे दोन दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी पोरगं चोरून खातं. भाकरी-उसळ, वरण-भात-भाजी, ताक, अंडं, कोशिंबीर हे सगळ्यांचंच चांगलं जेवण आहे आणि वजन त्याने वाढत नाही. आम्ही आठ दिवसांच्या खाण्याची वही लिहायला सांगतो. वही उघडली की जेवणं ठीकच असतात; आश्चर्य असतं ते मधल्या वेळांत. सकाळी गोड चहात बुडवलेली चार बिस्किटं, शाळेच्या वाटेवर एक पुडा, चारला खारी नाहीतर फरसाण, पाहुणे आले म्हणून थंड पेय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साखर दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या आत ठेवा असं आहे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर घालूच नका. थंड पेयाची २५० मिलिलिटरची एक बाटली हा अख्खा कोटा संपवते.

म्हणून सुरुवात ताटापासून नको, पिशवीपासून करा. किराण्याच्या पिशवीतून बिस्किटांचा मोठा पुडा गेला की घरातलं भांडण निम्मं मिटतं. 'ताकद वाढवणाऱ्या' चॉकलेटी पावडरीही त्याच पिशवीतल्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं कळवलं, कारण कायद्यात असा प्रकारच नाही.

१०. शाळेतल्या खिचडीमुळे मुलं जाड होतात का? आणि गेटबाहेरच्या गाड्यांचं काय?

खिचडीमुळे नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत, सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २० ग्रॅम. दुपारच्या एका जेवणाला हे बेताचंच आहे. लठ्ठ मुलाचा हा आहार बंद करू नका.

गेटबाहेरचा नियम मात्र आहे. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकायला मनाई केली. नंतर देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आला, १ जुलै २०२१ पासून लागू: असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

माझं मत विचाराल तर तक्रारीआधी गाडीवाल्या मावशींशी बोला. त्याच गाडीवर उकडलेले शेंगदाणे, पेरू, बोरं, काकडी, भेळेत मोड आलेली मटकी ठेवली तर तेही खपतं. दोन महिने पालकांनी मुलांना त्याच गाडीवर पाठवलं, तर मावशींचा धंदाही बुडत नाही.

११. खेळायला जागा नाही, आणि मुलगी मोठी झाली म्हणून घरचे बाहेर सोडत नाहीत. काय करायचं?

रोज ६० मिनिटं धावपळ, एवढीच अपेक्षा आहे. सलग नको, मैदानही नको. दोरीवरच्या उड्या, लंगडी, फुगडी, झिम्मा हे अंगणात आणि गच्चीवर होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं आहे. शाळा सुटल्यावर ते कुलपात का, हे समितीत विचारा. मुलींसाठी आम्हाला एकच उपाय लागू पडला: एखादी आई किंवा ताई सोबत उभी राहील अशी ठरलेली वेळ. झोपेचंही यातच बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय दिला तो झोपेच्याच कारणाने. ती वाचलेली झोप रात्रीच्या मोबाइलमध्ये घालवू नका.

१२. आमच्या वस्तीत असा गट सुरू करायचा आहे. कशापासून सुरुवात करू?

नावापासून. आम्ही पहिल्यांदा फलक लावला, 'लठ्ठ मुलांसाठी शिबिर'. एकही मूल आपणहून आलं नाही, आणि ज्या एकाला आई ओढून घेऊन आली तो रडत परत गेला. मग सगळ्याच मुलांची उंची-वजनं घ्यायला लागलो. बारीक, जाड, मधली, सगळी एकाच रांगेत. कमी वजनाचीही सापडली, तीही आपलीच.

काटा पडद्यामागे ठेवा. आकडा मोठ्याने वाचू नका, कागदावर लिहून घडी घालून आईच्या हातात द्या. वेळ कामावरून परतणाऱ्या बायांची ठेवा; आमची सात वाजताची आहे. सांगण्यापेक्षा करायला लावा: एका तासात पंधरा मिनिटं खेळ, पंधरा मिनिटं एखादा पदार्थ, बाकी वेळ बोलणं. वजन उतरलं की बक्षीस, असली स्पर्धा नको. मुलं उपाशी राहून येतात. पैसे फार लागत नाहीत. काटा आणि उंचीमापक अंगणवाडीचंच वापरता येतं, पर्यवेक्षिकेला विचारून. जागा समाजमंदिराची. आणि एका डॉक्टरांचा होकार आधीच घ्या, म्हणजे प्रश्न ६ मधली खूण दिसली की पाठवायचं कुठे हे ठरलेलं असेल.

१३. थोरला लठ्ठ आणि धाकटी अंगणवाडीच्या यादीत कमी वजनाची. एकाच घरात दोघांना काय देऊ?

अन्न तेच, फरक वाढण्यात आणि वेळेत. धाकटीच्या घासात चमचाभर तेल, तूप किंवा दाण्याचं कूट वरून घाला, तिला दोन जेवणांमध्ये आणखी एकदा द्या. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार तिचाच. बऱ्याच घरांत गोड म्हणून तो थोरला संपवतो आणि दोघांचंही नुकसान होतं. एखादं मूल खुजं आणि जाड दोन्ही असेल, तर त्याचं खाणं मुळीच तोडू नका. त्याला डाळ, अंडी, दूध अशी प्रथिनं हवी असतात, आणि प्रश्न ७ मधली तपासणीही.

१४. वर्गात 'ढोल्या' म्हणून चिडवतात. आता शाळेतच जात नाही म्हणतो.

मग वजनाचा विषय काही आठवडे बाजूला ठेवा. शिक्षकांना एकट्यात भेटा. घरातही 'जाड्या' हे लाडाचं नाव असेल तर ते आजपासून बंद, मामाला आणि काकालाही सांगा. मूल गप्प राहू लागलं, चोरून खूप खायला लागलं किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवू लागलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे.

१५. मुलाला फिट्सची गोळी सुरू झाल्यापासून वजन वाढलं. गोळी बंद करू?

अजिबात नाही. काही फिट्सच्या औषधांनी भूक वाढते, तोंडाने बराच काळ घेतलेल्या स्टिरॉइडनेही. पण स्वतःहून बंद केली तर जिवावर बेतू शकतं. वजनाच्या नोंदी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, पर्याय असू शकतो. ज्या मुलाला चालता येत नाही त्याचं वजन आणि उंची मोजायची पद्धतही वेगळी असते. जिल्हा रुग्णालयातलं बालकांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र त्यासाठी गाठा.

१६. वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत म्हणे. पंधरा वर्षांच्या मुलीला देता येतील?

भारतात २०२५ मध्ये वजनासाठी विक्रीला आलेली इंजेक्शनं मोठ्यांसाठी आहेत. अमेरिकेत त्यातलं एक १२ वर्षांपासून चालतं, तेही सवयींवरच्या उपचारासोबत. इथे किशोरवयासाठी निर्णय फक्त बालहार्मोनतज्ज्ञ घेतील, मेडिकलवाला किंवा जिमचा सर नाही. शस्त्रक्रियाही क्वचित, वाढ जवळपास पूर्ण झालेल्या आणि गंभीर आजार जडलेल्या मुलांत.

१७. वर्षभर सगळं केलं. वजन ४० होतं, आजही ४०च आहे. मग काय उपयोग झाला?

वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा उतरवायचं नसतंच, थांबवायचं असतं. प्रश्न १ मधला मुलगा घ्या. ११ वर्षांचा झाला, वजन ४०, उंची १३५ वरून १४० सेंटिमीटर. बीएमआय २२ वरून २०.४ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच तक्त्यात या वयाच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची रेघ २२.५ वर आहे, आणि तो तिच्या खाली आला आहे. जादा वजनाची रेघ १९.२ वर आहे, तिच्या खाली यायचं अजून बाकी आहे. पुढच्या भेटीला उंचीही मोजून घ्या.